कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड घेताना कोणता आकडा पाहायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाला आहे ते स्पष्ट राहील. तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आहे. उडत्या पक्ष्यांचे सलग फोटो तुम्ही रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या मोठ्या फाइलींत, घेता आणि अधूनमधून फोर-के व्हिडिओही करता. सध्याचं कार्ड ६४ जीबीचं आहे आणि त्यावर १०० हा आकडा छापलेला आहे. चार-पाच सेकंद बटण दाबून धरलं की कॅमेरा अडखळायला लागतो. दुकानदाराने एक २०० लिहिलेलं कार्ड दाखवलं आणि दुसरं ३०० लिहिलेलं, कितीतरी महागाचं. यातलं कोणतं घ्यावं, आणि २५६ जीबीचं एकच घ्यावं की १२८ची दोन, असं तुम्ही विचारलं आहे.

वन्यजीव आणि समारंभ ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतो आहे आणि कार्डांची निवड हा त्या कामाचाच भाग आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या दोन कार्डांमधला नाही. तुमचा कॅमेरा कार्डावर दर सेकंदाला किती एमबी लिहू शकतो, आणि आज तो अडतोय तो कार्डामुळे की स्वतःच्या मर्यादेमुळे, हे आधी कळायला हवं. कॅमेऱ्याचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे थेट नाव सांगून मोकळा होत नाही. पण हे घरच्या घरी कसं शोधायचं ते सांगतो.

सुरुवात छापील आकड्यापासून. कार्डावर ठळक अक्षरांत जो आकडा असतो तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डावरून संगणकावर फोटो उतरवताना मिळू शकणारा जास्तीत जास्त वेग. फोटो काढताना उपयोगी पडतो तो लिहिण्याचा वेग. तो पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत किंवा कंपनीच्या तपशिलाच्या तक्त्यात सापडतो, आणि दोघांत बरीच तफावत असू शकते. १०० छापलेल्या साध्या कार्डाचा लिहिण्याचा वेग तीस-चाळीसच असणं अगदी शक्य आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यामधली जोडणी. कार्डावर रोमन एक किंवा रोमन दोन असं बारीक चिन्ह असतं. रोमन एक म्हणजे यूएचएस-१, तिची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. रोमन दोन म्हणजे यूएचएस-२, तिची मर्यादा ३१२ एमबी. ओळखायची सोपी खूण अशी, की कार्ड उलटं करून पाहा. यूएचएस-२ कार्डावर सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग असते, यूएचएस-१वर एकच. कॅमेऱ्याचा स्लॉट कोणत्या प्रकारचा आहे ते माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. यूएचएस-२चं कार्ड यूएचएस-१च्या स्लॉटमध्ये चालतं, पण यूएचएस-१च्याच वेगाने.

मग १०४ची मर्यादा असताना यूएचएस-१च्या कार्डावर १७० किंवा २०० कसे छापलेले असतात? काही कंपन्यांनी स्वतःची पद्धत वापरून ती मर्यादा ओलांडली आहे. पण तो वेग त्याच पद्धतीचा रीडर, म्हणजे कार्ड संगणकाला जोडायचं उपकरण, असेल तरच मिळतो. कॅमेऱ्यात घातलं की बहुतेक वेळा असं कार्ड १०४च्या आतच चालतं, आणि प्रत्यक्ष लिहिण्याचा वेग फार तर सत्तर ते नव्वदच्या दरम्यान राहतो. दुकानदाराने दाखवलेलं २००चं कार्ड याच जातीचं असणार आणि ३००चं यूएचएस-२चं. पाकिटावर ही दोन्ही एकाच शर्यतीत असल्यासारखी दिसतात, पण त्यांची जातच वेगळी आहे.

आता अडखळण्याकडे येऊ. तुम्ही बटण दाबून धरता तेव्हा फोटो थेट कार्डावर जात नाहीत. ते आधी कॅमेऱ्याच्या अंतर्गत स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, साठतात आणि तिथून कार्डावर लिहिले जातात. बफर भरला की कॅमेऱ्याला एक फोटो लिहून जागा मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं. तेच ते अडखळणं.

हिशेब मांडून पाहू. समजा एक रॉ फाइल ३० एमबीची आहे आणि कॅमेरा सेकंदाला १० फोटो घेतो. म्हणजे सेकंदाला ३०० एमबी आत येतात. समजा बफर ४० फोटोंचा आहे, म्हणजे १२०० एमबीचा. कार्ड सेकंदाला ३५ एमबी लिहीत असेल तर बफर साधारण साडेचार सेकंदांत भरतो. चांगल्या यूएचएस-१ कार्डाने ८० एमबी लिहिले तर साडेपाच सेकंदांत भरतो. म्हणजे दुपटीहून वेगवान कार्ड घेऊन पदरात पडला एकच सेकंद. यूएचएस-२च्या स्लॉटमध्ये २०० एमबी लिहिले जात असतील तर मात्र बारा सेकंद मिळतात.

एवढ्यावरून पहिल्या दोन कार्डांत काही फरक नाही असं वाटेल, पण गणिताची दुसरी बाजू पाहा. भरलेला बफर पूर्ण रिकामा व्हायला ३५च्या वेगाने चौतीस सेकंद लागतात, ८०च्या वेगाने पंधरा, आणि २००च्या वेगाने सहा. पक्ष्यांच्या कामात मला हाच आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. बगळा उडाला, चार सेकंदांचा बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची मालिका, घेतला, आणि तो वळून पुन्हा समोर आला तेव्हा कॅमेरा तयार आहे की अजून लिहीतच बसला आहे, हे बफर रिकामा होण्याच्या वेळेवर ठरतं. सलग बारा सेकंद बटण दाबून धरायची गरज फार क्वचित पडते. चार सेकंदांनंतर परत चार सेकंद मिळण्याची गरज मात्र रोज पडते.

म्हणून नवीन कार्ड घेण्याआधी सध्याच्या कार्डाची चाचणी घ्या. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोकस मॅन्युअलवर ठेवा, शटर १/१००० किंवा त्याहून जलद, आणि फक्त रॉ. कॅमेरा दाट पानांच्या झाडाकडे रोखा. लेन्सचं झाकण लावून किंवा कोऱ्या भिंतीकडे रोखून ही चाचणी घेऊ नका, कारण कॉम्प्रेस्ड रॉ फाइलचा आकार चित्रातल्या बारकाव्यांवर अवलंबून असतो आणि भिंतीची फाइल खोटी लहान येते. मोबाइलवर सेकंद मोजायला सुरुवात करून बटण दाबा आणि कॅमेरा अडखळल्यावरही थोडा वेळ दाबून ठेवा. सोडल्यानंतर कार्डावर लिहीत असल्याचा दिवा विझेपर्यंत थांबा. मग सगळ्या फाइलींचा एकूण आकार एमबीमध्ये घ्या आणि पहिल्या क्लिकपासून दिवा विझेपर्यंतच्या सेकंदांनी भागा. येईल तो तुमच्या कॅमेऱ्यात या कार्डाचा लिहिण्याचा खरा वेग. कुठल्याही जाहिरातीपेक्षा किंवा परीक्षणापेक्षा माझा या आकड्यावर जास्त विश्वास आहे, कारण कॅमेरा, कार्ड आणि तुमची सेटिंग्ज हे सगळं त्यात आलेलं असतं.

भागाकार तीस-चाळीसच्या घरात आला तर कार्डच कमी पडतंय. अशा वेळी चांगल्या यूएचएस-१ कार्डानेही फरक जाणवेल. सत्तर ते नव्वद आला आणि स्लॉट यूएचएस-१चा असेल, तर कॅमेरा त्याच्या टोकाला पोहोचला आहे. मग ३००च काय, कुठलंही कार्ड घाला, फार काही बदलणार नाही. सत्तर ते नव्वद आला आणि स्लॉट यूएचएस-२चा असेल, तर महागाचं कार्ड तुमच्यासाठीच आहे. तुमच्या कामाकडे पाहता तिथे पैसे घालायला मी मागेपुढे पाहणार नाही.

पैसे न खर्च करता मिळणारा फायदाही आधी घेऊन टाका. तुम्ही रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम लिहून घेत असाल आणि जेपेग नंतर वापरतच नसाल, तर ते बंद करा. रॉसाठी अनकॉम्प्रेस्ड आणि लॉसलेस कॉम्प्रेस्ड असे पर्याय असतील तर दुसरा निवडा. २४ मेगापिक्सेलची अनकॉम्प्रेस्ड फाइल ४५ एमबीच्या आसपास जाते, लॉसलेसमध्ये ती पंचवीस-तीसवर येते, आणि चित्राची माहिती जराही कमी होत नाही. एवढ्या एका बदलाने बफर किती लांबतो ते वरच्याच चाचणीत दिसेल.

व्हिडिओचं गणित निराळं आहे. तिथे बफर मदतीला येत नाही. कार्डाने ठरावीक वेग शेवटपर्यंत टिकवला पाहिजे, नाहीतर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. त्यासाठीच कार्डावर वर्गाची चिन्हं असतात. इंग्रजी यू अक्षराच्या पोटात १ असेल तर किमान १० एमबी, ३ असेल तर किमान ३० एमबी प्रतिसेकंद. व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० म्हणजे अनुक्रमे किमान ३०, ६० आणि ९०. हे जास्तीत जास्तचे नव्हे, कमीत कमीचे आकडे आहेत, म्हणून ठळक छापलेल्या आकड्यापेक्षा ते जास्त कामाचे आहेत.

कॅमेऱ्यातला व्हिडिओचा दर मात्र मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्डाचा वेग मेगाबाइटमध्ये. आठने भागलं की जुळतं. १०० मेगाबिटचं फोर-के म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. त्याला व्ही ३० पुरून उरतं, २०० मेगाबिटलाही पुरतं. ४०० मेगाबिट म्हणजे ५० एमबी, तिथे व्ही ६० हवं. ६०० मेगाबिटला व्ही ९० घ्यावं. काही कॅमेरे योग्य चिन्हाचं कार्ड नसेल तर तो मोड सुरूच करू देत नाहीत. तुमचं साधं फोर-के असेल तर व्हिडिओसाठी व्ही ३० पुरे. व्ही ९०च्या मागे लागायचं कारण नाही.

ए १, ए २ ही चिन्हंही दिसतील. ती फोनमध्ये कार्डावरून ॲप चालवण्यासाठीची आहेत, कॅमेऱ्यासाठी सोडून द्या. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेली कार्डं गाडीतल्या आणि पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठी असतात. दिवसरात्र पुन्हा पुन्हा लिहिलं जाणं सोसायचं हा त्यांचा गुण आहे, त्यांच्याकडून बर्स्टच्या वेगाची अपेक्षा धरू नये. आणि एसडी एक्स्प्रेस नावाचं आणखी वेगवान कार्ड कोणी दाखवलं तर सध्या घेऊ नका. त्यातली पट्ट्यांची दुसरी रांग वेगळ्या पद्धतीसाठी वापरलेली असते, त्यामुळे यूएचएस-२च्या कॅमेऱ्यातही ते यूएचएस-१च्याच वेगावर उतरतं.

एक की दोन, या प्रश्नावर लोकांची मतं टोकाची असतात, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. एकच मोठं कार्ड बिघडलं किंवा हरवलं तर सगळंच जातं. उलट छोटी कार्डं सतत बदलायला लागली तर ती पडण्याची, हरवण्याची, किंवा भरलेलं कार्ड चुकून फॉरमॅट होण्याची शक्यता वाढते. माझा नियम असा आहे की एका दिवसाचं काम एका कार्डात मावलं पाहिजे आणि दुसरं कार्ड खिशात तयार हवं. ३० एमबीच्या फाइलीने ६४ जीबीत साधारण दोन हजार फोटो बसतात. १०० मेगाबिटचा एक तासाचा व्हिडिओ ४५ जीबी घेतो. पक्ष्यांच्या मागे असताना दोन हजार फोटो एका सकाळीत होतात, हे तुम्हालाही माहीत असेल. तेव्हा तुमच्यासाठी १२८ची दोन कार्डं. दिवसभर लांब व्हिडिओ करत असता तर मी २५६ची दोन म्हटलं असतं.

एक अपवाद नोंदवतो. एकाच मालिकेत कमी क्षमतेच्या कार्डाचा लिहिण्याचा वेग अनेकदा मोठ्या कार्डापेक्षा कमी असतो. घेताना त्या मालिकेचा नव्हे, नेमक्या त्या क्षमतेचा वेग तक्त्यात पाहा.

तुमच्या कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर पुन्हा न मिळणाऱ्या प्रसंगी दोन्हींवर एकाच वेळी लिहायची सोय वापरा. लग्नाच्या कामाला मी दुसऱ्या कार्डावर प्रत उतरत असल्याशिवाय एकही फोटो काढत नाही. तिथे कोणाच्या तरी आयुष्यातला एकुलता एक क्षण आपल्या हातात सोपवलेला असतो. पण लक्षात ठेवा, दोन्हींवर एकदम लिहिताना वेग हळू कार्डाचाच मिळतो. काही कॅमेऱ्यांत एक स्लॉट यूएचएस-२चा आणि दुसरा यूएचएस-१चा असतो. तिथे पक्ष्यांच्या वेळी फक्त वेगवान स्लॉटवर लिहावं आणि समारंभाला दोन्हींवर.

मायक्रोएसडी कार्ड ॲडॅप्टरमध्ये घालून चालतं का? चालतं. पण त्यात जोडणीची एक जागा वाढते, आणि कार्ड हलल्यामुळे होणारे बिघाड पकडणं फार त्रासाचं असतं. अडीनडीला ठीक आहे, मुख्य कॅमेऱ्यात कायमचं नको.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त जोर देईन ती म्हणजे कार्डाचा अस्सलपणा. बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत आणि त्यांची लबाडी दिसत नाही. आतली चिप ८ किंवा १६ जीबीची असते, पण कार्डातल्या कंट्रोलरला १२८ सांगायला शिकवलेलं असतं. कॅमेरा आणि संगणक दोघेही १२८च दाखवतात. सुरुवातीचे फोटो नीट साठतात. खरी जागा संपल्यावरही कार्ड लिहिल्याचं सांगत राहतं, फाइलींची नावं दिसतात, पण आत काहीच नसतं किंवा जुन्या फोटोंवर नवे लिहिले जातात. अशा कार्डातून गेलेले फोटो कुठल्याही रिकव्हरीने परत येत नाहीत, कारण ते कधी लिहिलेच गेलेले नसतात.

यावर उपाय एकच. कार्ड हातात आल्याबरोबर, परत करायची मुदत असतानाच, ते पूर्ण भरून परत वाचून पाहायचं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स व मॅकवर एफ३ हे मोफत प्रोग्रॅम नेमकं हेच करतात. मोठ्या कार्डाला तास-दोन तास लागतात, लागू द्या. या चाचणीतून न गेलेलं कार्ड मी कामावर नेत नाही, ते कितीही नावाजलेल्या कंपनीचं असो. सवलतीच्या मोहात अनोळखी विक्रेत्याकडून घेण्यापेक्षा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं एक पायरी खालचं कार्डही मला जास्त पसंत आहे.

६४ जीबीचं कार्ड संगणकावर ५९-६०च दाखवतं, त्याने घाबरू नका. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. तफावत तेवढ्यामुळेच दिसते.

वापराबद्दल थोडंसं. फॉरमॅट नेहमी ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्याच कॅमेऱ्यात करा, आणि फोटो दोन ठिकाणी उतरल्याची खात्री झाल्यावरच. संगणकाला जोडून एकेक फाइल पुसण्याची सवय असेल तर सोडा. दिवा चालू असताना कार्ड किंवा बॅटरी काढू नका. कार्ड काठोकाठ भरायच्या आधीच बदला. आणि चुकून काही पुसलं गेलं तर त्या क्षणी कार्ड बाहेर काढा, त्यावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. वर काही लिहिलं गेलं नसेल तर फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने बऱ्याचदा ती परत मिळते. परत मिळवलेल्या फाइली त्याच कार्डावर मात्र साठवू नका.

रीडरचं विसरू नका. यूएचएस-२चं कार्ड जुन्या यूएसबी २.० रीडरला लावलंत तर सेकंदाला तीस-चाळीस एमबीच उतरतील आणि १२८ जीबीला तासाच्या आसपास वेळ जाईल. कार्डासोबत यूएचएस-२ वाचणारा यूएसबी ३चा रीडर घ्या.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवेन: आधी जेपेग बंद आणि लॉसलेस रॉ सुरू, मग पानांच्या झाडावरची चाचणी, मग स्लॉटचा प्रकार. स्लॉट यूएचएस-२ निघाला तर १२८ जीबीचं, व्ही ६०चं एकच कार्ड आधी घ्या. व्ही ६० म्हणजे किमान हमी. या वर्गातली बरीच कार्डं बर्स्टमध्ये त्याहून खूप जलद लिहितात, म्हणून तक्त्यात लिहिण्याचा वेग पाहून निवडा. ते पूर्ण भरून तपासा, त्याच झाडावर पुन्हा मोजा, आणि बफर रिकामा व्हायला लागणारा वेळ खरोखर घटला असेल तरच दुसरं तसंच कार्ड मागवा. स्लॉट यूएचएस-१ निघाला तर व्ही ३०ची, लिहिण्याचा वेग ८०-९० असलेली दोन कार्डं घ्या. सध्याचं ६४चं कार्ड टाकू नका, तपासणीत खरं उतरलं तर ते पिशवीत तिसरं म्हणून राहू द्या. चाचणीचे आकडे आणि कॅमेऱ्याचं मॉडेल कळवलंत तर नेमकं कोणतं घ्यायचं तेही सांगतो.